स्क्रीनवरच्या विंडोंची मांडणी कामाप्रमाणे कशी बसवावी?

मांजराकाठ (लातूर)

नमस्कार. मी लातूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी सेवा केंद्र चालवतो. पीक विम्याचे अर्ज, उत्पन्नाचे आणि जातीचे दाखले, बँकेसाठी लागणारे सातबारा आणि आठ-अ ही कामे दिवसभर चालतात. यांतील एकही काम एका विंडोत पुरे होत नाही. एकीकडे पोर्टलवरचा अर्ज उघडा असतो, दुसरीकडे शेतकऱ्याने आणलेल्या कागदांची स्कॅन केलेली प्रत असते आणि तिसरीकडे आमच्या केंद्राची नोंदवही म्हणून वापरात असलेली एक्सेलची फाइल असते. गट क्रमांक, क्षेत्र, खाते क्रमांक आणि आयएफएससी कोड एका विंडोत वाचून दुसरीत भरायचा असतो. टाइप करायला फारसा वेळ लागत नाही. वेळ जातो तो झाकली गेलेली विंडो शोधून वर आणण्यात, आणि तेवढ्यात वाचलेला आकडा डोक्यातून निसटतो. चुकीचा खाते क्रमांक गेला, तर त्याचा भुर्दंड समोर बसलेल्या माणसाला पडतो, म्हणून हा विषय मला केवळ सोयीचा वाटत नाही.

माझ्याकडे विंडोज ११ आणि १९२० बाय १०८० रेझोल्यूशनचा मॉनिटर आहे. मॅक्झिमाइझच्या बटणावर माउस नेला की मांडणीचे नमुने दिसतात, परंतु त्यांत शेजारी शेजारी तीन उभे रकाने असलेला नमुना मला मिळत नाही. माझ्या एका मित्राच्या अगदी तशाच मॉनिटरवर तो दिसतो. हे कशामुळे होत असावे? दुसरा प्रश्न विजेचा आहे. दुपारी वीज गेली आणि इन्व्हर्टरही उतरलेला असला, तर संगणक बंद पडतो आणि नंतर सगळी मांडणी पुन्हा पहिल्यापासून लावावी लागते. यावर काही उपाय आहे का?

गोदातीर (नांदेड)

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुधा डिस्प्लेच्या सेटिंगमधील ‘स्केल’ या आकड्यात आहे. तो १२५ टक्के आहे का, ते कृपया पाहावे. मांडणीचे नमुने ठरवताना विंडोज मॉनिटरचे प्रत्यक्ष पिक्सेल धरत नाही, तर स्केलने भागून येणारी रुंदी धरते. १९२० ला १.२५ ने भागले की १५३६ उरतात, आणि तीन रकान्यांचा नमुना ही रुंदी १९२० किंवा त्याहून अधिक असेल तेव्हाच दाखवला जातो. आपल्या मित्राचे स्केल १०० टक्के असणार.

स्केल १०० वर आणले तर तो नमुना आपल्यालाही दिसेल. तरीही आपण ते करू नये, असे मला वाटते. एक तर देवनागरी अक्षरे बारीक होतात आणि जोडाक्षरांतला फरक ओळखताना डोळे शिणतात. दुसरे म्हणजे १९२० चे तीन समान भाग केले की प्रत्येक रकान्याला ६४० पिक्सेल मिळतात, आणि पुष्कळ संकेतस्थळे ७६८ पिक्सेलपेक्षा कमी रुंदी मिळताच मोबाइलवरची मांडणी दाखवू लागतात. मग अर्जातील रकाने एकाखाली एक रचले जातात, मेनू तीन रेघांच्या चिन्हात जाऊन बसतो आणि पान दुप्पट लांब होते. म्हणजे तीन विंडो दिसल्या खऱ्या, पण कामाची मुख्य विंडो वापरण्याजोगी राहिली नाही.

आपल्या कामाचे तीन भाग समान महत्त्वाचे नाहीत, म्हणून त्यांना समान जागा देण्याचेही कारण नाही. पोर्टलला स्क्रीनचा डावा अर्धा भाग पूर्ण उंचीने द्यावा. उरलेल्या उजव्या अर्ध्या भागाचे आडवे दोन खण करावेत. वरचा खण दोन तृतीयांश उंचीचा असावा आणि त्यात स्कॅन ठेवावे. खालचा एक तृतीयांश खण नोंदवहीला पुरतो, कारण नोंदवहीतील शेवटच्या काही ओळीच आपल्याला लागतात. वरची ओळ फ्रीझ करून ठेवली की रकान्यांची नावेही डोळ्यांसमोर राहतात.

विंडोजच्या तयार नमुन्यांमध्ये अर्धा भाग आणि शेजारी दोन पाव भाग असा नमुना आहे. तो लावून उजवीकडच्या दोन विंडोंमधली सीमा माउसने खाली ओढली, तर दोन्हींचे आकार एकदम बदलतात आणि वर सांगितलेली रचना तयार होते. मात्र ती तेवढ्यापुरतीच राहते. कायमची हवी असेल, तर मायक्रोसॉफ्टचेच ‘पॉवरटॉइज’ हे विनामूल्य साधन बसवावे आणि त्यातील ‘फॅन्सीझोन्स’ वापरावे. विंडोज, शिफ्ट आणि एस्केपच्या खालचे बटण एकत्र दाबले की त्याचा एडिटर उघडतो आणि आपण हवे त्या मापाचे खण आखू शकतो. त्यानंतर कोणतीही विंडो ओढताना शिफ्ट धरले की ते खण स्क्रीनवर उमटतात, आणि विंडो ज्या खणावर सोडाल त्यात ती बरोबर बसते. सेटिंगमध्ये विंडोजच्या मूळ ‘स्नॅप’ऐवजी, म्हणजे विंडो कडेला बसवण्याच्या तयार सोयीऐवजी, फॅन्सीझोन्स वापरण्याचा एक पर्याय आहे. तो चालू केला, तर विंडोज बटण आणि बाणाची बटणे वापरूनही विंडो एका खणातून दुसऱ्यात नेता येते आणि माउसला हात लावावा लागत नाही.

दुधनाकाठ (जालना)

मी छत्रपती संभाजीनगरला अभियांत्रिकीचे शिक्षण घेत आहे आणि लिनक्सवर काम करतो, म्हणून वेगळ्या पद्धतीविषयी लिहितो.

विंडो एकमेकींवर न चढवता शेजारी शेजारी बसवणे ही कल्पना नवी नाही. १९८५ च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या विंडोज १.० मध्ये मुख्य विंडो एकमेकींवर येतच नसत. एक उघडली की बाकीच्या सरकून जागा करून देत. विंडो एकमेकींवर ठेवण्याची सोय १९८७ च्या विंडोज २.० मध्ये आली आणि पुढे तीच रीत सर्वत्र रुळली. लिनक्सच्या जगात मात्र शेजारी शेजारी मांडणीची परंपरा टिकून राहिली. २००६ चे ‘डीडब्ल्यूएम’, २००७ चे ‘एक्समोनॅड’ आणि २००९ चे ‘आयथ्री’ हे विंडो मॅनेजर, म्हणजे स्क्रीनवर विंडो मांडणारे प्रोग्राम, याच विचाराचे आहेत. डीडब्ल्यूएममध्ये एक मुख्य विंडो मोठ्या भागात राहते आणि उरलेल्या विंडो शेजारच्या पट्टीत एकाखाली एक रचल्या जातात. आयथ्रीमध्ये प्रत्येक भागाचे पुन्हा उभे किंवा आडवे भाग करता येतात, त्यामुळे कोणतीही रचना साधता येते. परंतु कोणता भाग कशाच्या पोटात आहे हे वापरणाऱ्याला ध्यानात ठेवावे लागते.

प्रोग्राम लिहिताना ही पद्धत मला फार मानवते, कारण तेव्हा माझ्यासमोर एक एडिटर आणि दोन-तीन टर्मिनल (आज्ञा टाइप करण्याच्या विंडो) असतात आणि टर्मिनल कोणत्याही आकारात सामावते. मात्र मांजराकाठ यांच्या कामाला स्वयंचलित मांडणी जुळेल, असे मला वाटत नाही. तिथे नवी विंडो उघडली की जुन्या विंडो आपोआप लहान होतात आणि आपली जागा सोडतात. पोर्टलने पावती दाखवण्यासाठी मध्येच वेगळी विंडो उघडली, प्रिंटचा डायलॉग आला किंवा स्कॅनरचे सॉफ्टवेअर समोर आले, की स्कॅन आणि अर्ज दोन्ही हलतील. किराणा दुकानदाराचा हात न पाहता नेमक्या डब्याकडे जातो, तो डबा रोज त्याच जागी असतो म्हणून. माहिती भरण्याच्या कामातही नजरेला तसेच हवे असते, आणि म्हणून गोदातीर यांनी सुचवलेले स्वतः आखलेले ठरीव खणच इथे योग्य आहेत.

तेरणा (धाराशिव)

वरच्या चर्चेत सगळ्यांनी विंडो शेजारी शेजारी ठेवण्याचेच गृहीत धरले आहे. मला वेगळा अनुभव सांगावासा वाटतो.

मी जुन्या मोडी कागदपत्रांच्या लिप्यंतराचे काम करते. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे आपल्याकडच्या जुन्या महसुली दफ्तरात मोडीबरोबर उर्दू कागदही पुष्कळ आढळतात. या कागदांची स्कॅन पाहून देवनागरीत मजकूर उतरवताना मी सुरुवातीला सगळ्यांप्रमाणे डावीकडे स्कॅन आणि उजवीकडे वर्ड ठेवत असे. मोडीची ओळ कागदाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सलग जाते. लिहिताना बोरू फारसा उचललेला नसतो आणि शब्दांमध्ये नीट अंतरही सोडलेले नसते. अर्ध्या स्क्रीनमध्ये ती ओळ संपूर्ण मावेल इतके स्कॅन लहान केले, तर ‘ब’ आणि ‘व’, किंवा उकार आणि नुसता फाटा यांतला भेद कळेनासा होतो. वाचता येईल इतके मोठे केले, तर ओळ अर्धीच दिसते आणि प्रत्येक ओळीसाठी स्कॅन उजवीकडे सरकवून पुन्हा डावीकडे आणावे लागते. त्या ये-जा करण्यात एखादी ओळ निसटते किंवा तीच ओळ दोनदा उतरवली जाते.

आता मी स्क्रीनचे आडवे दोन भाग करते. वरचा भाग थोडा मोठा असतो आणि त्यात स्कॅन पूर्ण रुंदीने मोठे करून ठेवलेले असते. एका वेळी सात-आठ ओळीच दिसतात, पण त्या पूर्ण दिसतात. खालच्या भागात वर्ड असते. वाचत असलेली ओळ मी नेहमी वरच्या खणाच्या तळाशी आणते, म्हणजे ती ओळ आणि मी लिहीत असलेली ओळ एकमेकींच्या अगदी जवळ येतात आणि नजरेला फक्त खाली-वर व्हावे लागते. वर्डची रिबन, म्हणजे वरची बटणांची पट्टी, दोन कळांनी मिटवून ठेवावी लागते, म्हणजे कंट्रोल आणि एफ१. नाहीतर खालच्या खणाचा निम्मा भाग तीच खाते. सातबाऱ्यासारखे रुंद तक्ते वाचून माहिती भरायची असेल, तिथेही हीच रचना उपयोगी पडेल असे मला वाटते. उभ्या कागदाच्या स्कॅनला मात्र शेजारी शेजारी मांडणीच बरी. आधी कागदाची ओळ किती लांब आहे ते पाहावे आणि मग स्क्रीन उभी कापायची की आडवी, ते ठरवावे.

विंडोजच्या तयार नमुन्यांमध्ये वर-खाली अशा दोन पूर्ण रुंद भागांचा नमुना आडव्या मॉनिटरवर सहसा दिसत नाही. मीही त्यासाठी फॅन्सीझोन्सच वापरते.

पूर्णाकाठ (हिंगोली)

सर्वांकडे मोठा मॉनिटर नसतो, हेही ध्यानात घ्यावे. आमच्या शाळेत १३६६ बाय ७६८ चे जुने लॅपटॉप आहेत. त्यांचे दोन भाग केले की प्रत्येकी ६८३ पिक्सेल उरतात, म्हणजे गोदातीर यांनी सांगितलेल्या ७६८ च्या मर्यादेखाली आपण पहिल्याच पायरीला जातो. शिवाय पुष्कळ सॉफ्टवेअरने आपल्या विंडोची किमान रुंदी ठरवून ठेवलेली असते. त्याहून लहान खणात ती विंडो बसवली, तर ती आकसत नाही, शेजारच्या विंडोवर चढते. तो मांडणीच्या साधनाचा दोष नसतो.

अशा लॅपटॉपवर मी दोन गोष्टी करतो. ब्राउझरमध्ये कंट्रोल आणि वजाचे चिन्ह दाबून पान ८० टक्क्यांवर आणले, की ६८३ पिक्सेलच्या विंडोतही पानाला सुमारे ८५४ पिक्सेल रुंदी मिळते आणि मोबाइलची मांडणी टळते. ज्या कामात दोन्ही विंडो मोठ्याच हव्या असतात, तिथे मी त्यांना दोन वेगळ्या व्हर्च्युअल डेस्कटॉपवर, म्हणजे एकाच मॉनिटरवर आलटून पालटून दिसणाऱ्या दोन स्क्रीनवर, ठेवतो. विंडोज, कंट्रोल आणि डी दाबून नवा डेस्कटॉप तयार होतो. विंडोज, कंट्रोल आणि डावा किंवा उजवा बाण दाबून इकडून तिकडे जाता येते. प्रत्येक विंडोची जागा ठरलेली असली, तर हाताला हे लवकर वळण लागते.

मांजराकाठ (लातूर)

सर्वांचे मनापासून आभार. स्केल खरोखरच १२५ टक्के होते. मी ते तसेच ठेवले आहे आणि गोदातीर यांच्या सांगण्याप्रमाणे तीन असमान खण आखले आहेत. दाखल्यांच्या कामासाठी हीच रचना चालते. ज्या कामात सातबारा वाचावा लागतो, त्यासाठी तेरणाताईंची वर-खालची रचना दुसरा नमुना म्हणून साठवली आहे. विंडोज, कंट्रोल, ऑल्ट आणि आकड्याचे बटण दाबून नमुना बदलता येतो, हे सेटिंग पाहताना सापडले. त्यासाठी त्या नमुन्याला आधी एक आकडा नेमून द्यावा लागतो.

आता दोन अडचणी उरल्या आहेत. विजेचा प्रश्न तसाच आहे. दुसरी अडचण वेगळीच निघाली: तीनही विंडो एकाच वेळी समोर असल्यामुळे नाव मराठीत, खाते क्रमांक आणि आयएफएससी इंग्रजीत, असे सारखे बदलावे लागते, आणि कळफलक कोणत्या भाषेत आहे याचे भान राहत नाही. पूर्वी विंडो बदलताना थांबावे लागे, तेव्हा आपोआप लक्ष जाई.

गोदातीर (नांदेड)

आधी भाषेचे सांगतो. विंडोजच्या सेटिंगमध्ये ‘टाइम अँड लँग्वेज’ मध्ये ‘टायपिंग’ आणि त्याखाली ‘ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज’ असे पान आहे. तिथे प्रत्येक ॲपच्या विंडोसाठी वेगळी इनपुट पद्धत ठेवण्याचा पर्याय असतो, तो मुळात बंद असतो. तो चालू केला की नोंदवहीत मराठी आणि पोर्टलवर इंग्रजी अशी निवड त्या त्या विंडोपुरती टिकते. विंडोत क्लिक केले की तिची भाषा परत येते. पोर्टलच्या एकाच अर्जात दोन्ही भाषा लागत असतील, तर मात्र विंडोज आणि स्पेस दाबून बदल करण्यावाचून गत्यंतर नाही.

विजेसाठी पॉवरटॉइजमध्येच ‘वर्कस्पेसेस’ नावाचे साधन २०२४ मध्ये आले आहे. सगळ्या विंडो हव्या तशा लावून एकदा त्याचे चित्र साठवले, की पुढे एका क्लिकने ती ॲप्स उघडतात आणि आपापल्या जागी बसतात. ब्राउझर उघडतो, पण त्यातले पान आपोआप येत नाही; त्यासाठी वर्कस्पेसच्या एडिटरमध्ये ब्राउझरच्या नावाखाली कमांडलाइन आर्ग्युमेंटचा रकाना आहे, तिथे पोर्टलचा पत्ता लिहावा. एक्सेलच्या बाबतीत त्याच रकान्यात नोंदवहीच्या फाइलचा पूर्ण मार्ग अवतरणचिन्हांत द्यावा. लॉगिन आणि ओटीपी मात्र पुन्हा करावेच लागतात, आणि अर्धवट भरलेला अर्ज परत मिळत नाही. म्हणून माझा आग्रह असा आहे की इन्व्हर्टरवर अवलंबून न राहता संगणकाला स्वतंत्र यूपीएस लावावा. मिळालेली दहा मिनिटे चालू अर्ज सादर करून संगणक नीट बंद करण्यास पुरतात.

दुधनाकाठ (जालना)

भाषेचा मुद्दा लिनक्सवर आणखी बोचतो, म्हणून मराठी टाइप करणाऱ्यांसाठी लिहून ठेवतो. आयबस या लिनक्सवरच्या टायपिंगच्या साधनात भाषा बदलण्यासाठी सुपर (विंडोजचे चिन्ह असलेले बटण) आणि स्पेस ही जोडी मुळातच ठरलेली असते. आयथ्रीमध्ये मॉड, म्हणजे त्याच्या सगळ्या आज्ञांसोबत दाबायचे बटण, म्हणून सुपर निवडले, तर तीच जोडी मांडणीतील आणि तरंगत्या विंडोंमध्ये फोकस (टाइप केलेले कोणत्या विंडोत जाते ते) बदलण्यासाठी नेमलेली असते. परिणामी भाषा बदलत नाही आणि फोकस भलतीकडे जातो. कॉन्फिगच्या फाइलमधील ती ओळ बदलून फोकससाठी दुसरे बटण द्यावे; भाषेची जोडी हलवू नये, कारण तिची हाताला सवय झालेली असते.

ठरीव खण लिनक्सवर हवे असतील, तर केडीई प्लाझ्मा हा लिनक्सचा डेस्कटॉप सर्वांत सोयीचा आहे. फेब्रुवारी २०२३ च्या ५.२७ या आवृत्तीपासून त्यात सुपर आणि टी दाबून खण आखता येतात आणि शिफ्ट धरून विंडो त्यात सोडता येते, म्हणजे फॅन्सीझोन्ससारखेच. कळफलकाच्या सेटिंगमध्ये भाषा प्रत्येक विंडोपुरती ठेवण्याची निवडही तिथे आहे. गनोम या दुसऱ्या डेस्कटॉपमध्ये मुळात फक्त अर्धे-अर्धे भाग करता येतात, पण उबुंटू या लिनक्सच्या वितरणाने २३.१० या आवृत्तीपासून त्यासाठी ‘टायलिंग असिस्टंट’ सोबत दिले आहे, त्यामुळे कोपऱ्यात पाव भागही बसवता येतो. वीज गेल्यावर मांडणी परत मिळवण्याची अडचण मात्र वेलँड या लिनक्सच्या नव्या चित्रप्रणालीवर जास्त आहे, कारण तिथे आपली विंडो स्क्रीनवर नेमकी कुठे असावी हे ॲपला स्वतः सांगता येत नाही. ते कंपोझिटर, म्हणजे सगळ्या विंडो स्क्रीनवर रेखाटणारा प्रोग्राम, ठरवतो. केडीईमध्ये ‘विंडो रूल्स’ वापरून एखाद्या ॲपची जागा आणि आकार कायमचा नेमून देता येतो, आणि तूर्त तोच भरवशाचा मार्ग आहे.

बालाघाट (अंबाजोगाई)

मॅकवाल्यांसाठी थोडक्यात: २०२४ च्या सिक्वोया आवृत्तीपासून विंडो कडेला ओढून अर्ध्या किंवा पाव भागात बसवण्याची सोय मॅकओएसमध्येच आली आहे. जुन्या आवृत्तीवर ‘रेक्टँगल’ हे विनामूल्य ॲप वापरावे. त्यात एक तृतीयांश आणि दोन तृतीयांश भागांसाठीही कळा आहेत. पत्रिका आणि पुस्तिकांच्या डीटीपी कामात मी दोन तृतीयांशात पानाची रचना आणि एक तृतीयांशात ग्राहकाने पाठवलेला मजकूर ठेवतो.

तेरणा (धाराशिव)

गोदातीर, आपल्याला एक विचारायचे होते. आमच्याकडे दुसरा जुना मॉनिटर पडून आहे, तोही १९२० बाय १०८० चाच. तो उभा फिरवून लावला, तर उभ्या कागदांची स्कॅन त्यावर ठेवता येतील का?

गोदातीर (नांदेड)

जरूर ठेवता येतील. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये त्या मॉनिटरचे ओरिएंटेशन पोर्ट्रेट करावे; मग तो १०८० रुंद आणि १९२० उंच होतो आणि ए-४ कागद त्यावर जवळजवळ पूर्ण भरतो. स्टँड फिरणारा नसेल, तर मागच्या बाजूला १०० बाय १०० मिलिमीटरची चार भोके आहेत का ते पाहावे. ती असली, तर बाजारात मिळणारा, त्या मापाचा वेसा (मॉनिटर बसवण्याच्या भोकांचे प्रमाण) स्टँड बसतो. एक काळजी मात्र घ्यावी. जुना मॉनिटर टीएन पॅनेलचा (बाजूने पाहिल्यास रंग बदलणाऱ्या जुन्या प्रकारच्या पडद्याचा) असेल, तर उभा केल्यावर डाव्या आणि उजव्या डोळ्याला रंग वेगवेगळे दिसतात आणि फिकट शाईचा कागद वाचणे अवघड जाते. मॉनिटर विकत घेतलेल्या स्टँडवर बसवण्याआधी तो हाताने उभा धरून एखादे फिकट स्कॅन त्यावर वाचून पाहावे. आयपीएस पॅनेल असेल, तर ही अडचण येत नाही. फॅन्सीझोन्समध्ये प्रत्येक मॉनिटरचा नमुना वेगळा साठवला जातो, त्यामुळे आपली वर-खालची रचना मूळ मॉनिटरवर तशीच राहील.